विषय: जानेवारीत सोलापूर, आईंना अक्षता दाखवायची आहे, गर्दी कशी टाळायची?

मीनल लिहिते:

नमस्कार मंडळी,
तिकिटं झाली. १२ ला पहाटे मुंबईत उतरतोय, १३ ला रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, १४ ला सकाळी सोलापूर. त्याच दिवशी सिद्धेश्वराच्या जत्रेतली अक्षता (कुंभारकन्येचं सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी लागणारं लग्न), १५ तुळजापूर, १६ अक्कलकोट, १७ पंढरपूर. घर जुळे सोलापुरात आहे, राहण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आईंचा आहे. ७९ वय, गुडघा मागच्या वर्षी बदललाय. नऊ वर्षं त्यांनी गड्डा, म्हणजे ही जत्रा, पाहिलेला नाही आणि आता दुसरं काही बोलत नाहीत. देवळाजवळच्या संमती कट्ट्यापर्यंत, जिथे हे लग्न लागतं, गाडी जाते का? नाहीतर सर्वांत कमी चालावं लागेल अशी वाट कोणती?

दिलीपकाका लिहितात:

मीनल, गाडीचं नंतर बघू. आधी तारीख बघ. अक्षता भोगीला असते, संक्रांतीला होम. २०२४ ला संक्रांत १५ ला आली म्हणून अक्षता १४ ला झाली. तेच डोक्यात राहिलंय सगळ्यांच्या. २०२५ ला संक्रांत १४ ला, तर अक्षता १३ ला. या खेपेला, २०२६ ला, पंचांगात संक्रांत १४ ला आहे. म्हणजे १२ ला तैलाभिषेक आणि १३ ला दुपारी अक्षता. तुझी गाडी १४ ला सकाळी पोचते. आईंच्या हातात होम, दारूकाम आणि कप्पडकळ्ळी (काठ्यांची वस्त्रं उतरवण्याचा शेवटचा विधी) राहील, अक्षता नाही.
पंचांग घरात असतं, उघडून बघावं. रागावून सांगत नाही, पण तिकीट काढायच्या आधी इथे विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

मीनल लिहिते:

काका, हात गार पडले वाचून. आत्ता १२ रात्रीचं बघितलं, सिद्धेश्वर वेटिंगला गेलीय, थ्री एसी ४०च्या पुढे. तत्काळ मिळेल का?

सुहास लिहितो:

तत्काळवर भरवसा ठेवू नका. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं. परदेशात राहणाऱ्या आपल्यातल्या निम्म्यांकडे आधारच नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांचा मोबाइल नंबर बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येत नाही. माझं मागे एकदा नेमकं हेच झालं. सकाळी १० ला एसीचं उघडलं आणि मी तिकडे ओटीपीची वाट बघत बसलो होतो. आगाऊ आरक्षणही १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आलंय. ज्यांना सवय जुनी आहे ते अजून चार महिने आधी साइट उघडून बसतात.
सरळ मुंबईहून गाडी करा. पुण्यापासून २५० किलोमीटर, रस्ता चांगला आहे.

रेवती लिहिते:

सुहास, विमानातून उतरलेल्या ७९ वर्षांच्या बाईला मुंबईहून सोलापूरपर्यंत गाडीत बसवायचं? गुडघा बदललेल्या माणसाला तासाला उठून चालावं लागतं. माझ्या आईचं ऑपरेशन झाल्यावर आम्ही हे केलं, इंदापूरला पोचेपर्यंत पाय सुजून चप्पल घालता येईना.
मीनल, १२ ला दुपारपर्यंत पुणे गाठ आणि हुतात्मा एक्सप्रेस बघ. संध्याकाळी पुण्याहून सुटते, रात्री सोलापुरात. बसून जायची गाडी आहे, पण चार तासांचा प्रश्न आणि डब्यात फिरता येतं. अक्षता दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे रात्रभर झोप मिळते.
खरं सांगू का, मी तुझ्या जागी असते तर गड्डा सोडून फेब्रुवारीत गेले असते. देवळात निवांत दर्शन, तळ्याकाठी बसायचं, हुरडाही मिळतो अजून.

श्रीशैल लिहितो:

रेवतीताई, फेब्रुवारीत तळं बघायला मिळेल, अक्षता मिळणार नाही. आईंनी नऊ वर्षं तळ्यासाठी काढली नाहीत.
मी उत्तर कसब्यातला. गाडी देवळापर्यंत येत नाही म्हणजे येत नाही. अक्षतेच्या दिवशी सगळे रस्ते बंद असतात. जुळे सोलापूरहून सकाळी लवकर रिक्षा करा, ती नेईल तिथवर न्या, पुढे चालणं आहेच. पण कट्ट्याशी जायचा हट्ट कशाला? तिथे खांद्याला खांदा असतो, धरलेला हात सुटतो. आईंना मिरवणुकीच्या वाटेवर बसवा. सात नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच काठ्या, मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघतात, दाते गणपती, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा असे देवळाकडे येतात. दत्त चौकात सकाळी जागा मिळते.
आमची आजी शेवटची तीन वर्षं तिथेच बसायची, ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर. मांडीवर पुडी, पुडीत हळद लावलेले तांदूळ. बाराबंदी घातलेली पोरं काठी कमरेच्या पट्ट्यात पेलून यायची. वर बघायला गेलं की मान दुखायची. घुंगरांचा आवाज आधी यायचा, काठी नंतर दिसायची. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ झालं की आजी बसल्या जागेवरून तांदूळ टाकायची. तिकडे कट्ट्यावर ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ चालू असताना ती डोळे मिटून पुटपुटायची. कुंभारकन्येचं योगदंडाशी लग्न लागलं, असं ती घरी येऊन दरवर्षी पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगायची. तिला कट्टा न दिसल्याचं कधी वाईट वाटलं नाही.

दिलीपकाका लिहितात:

श्रीशैल, दत्त चौकातली पायरी तुमच्या ओळखीची आहे, सगळ्यांच्या नाही. नवख्या माणसाला दुकानदार हटकतो. पंचकट्ट्याजवळ रस्ता रुंद आहे, तिथे उभं राहायला बरं. मी १९८८ ला आलो तेव्हापासून तिथेच.

श्रीशैल लिहितो:

काका, पंचकट्ट्याशी सगळा लोंढा एकत्र येतो. तुम्ही ८८ साली तरुण होता. मी भावाला फोन करतो, पायरीवर खुर्ची ठेवेल तो. नवखं कोणी नाही.

रेवती लिहिते:

अक्कलकोटबद्दल कोणी बोललंच नाही. गुरुवार टाळ, बाकी कुठलाही वार चालेल. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळायची. पौषात तिथे शाकंभरी नवरात्र असतं, ते केव्हा येतंय तेही पंचांगात बघ. पंढरपूरला एकादशी नको. पदस्पर्शाच्या रांगेत आईंना उभं करू नका, मुखदर्शन घ्या, तासन्‌तास वाचतील. आणि तिन्ही देवस्थानं ओळीने तीन दिवसांत नकोत. अक्कलकोट ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पण पंढरपूर ७०च्या वर आणि दुसऱ्या दिशेला. मध्ये एक दिवस घरी झोपू द्या त्यांना.

सुहास लिहितो:

कोणी जाणार असेल तर दोन चादरी आणेल का? जाड वाल्या. मागच्या खेपेला मुंबईत ‘सोलापुरी’ म्हणून घेतली, तीन धुण्यांत विरली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या दुकानातूनच घ्या. सोबत शेंगाची चटणी, संक्रांतीच्या कार्यक्रमाला लागेल.

दिलीपकाका लिहितात:

सुहास, संक्रांतीचा कार्यक्रम इथे १७ ला आहे, मीनल तेव्हा पंढरपुरात. चटणी कोण आणणार?

मीनल लिहिते:

हुतात्मा मिळाली! १२ ची, चार आसनं, एकत्र. १३ रात्रीची सिद्धेश्वर रद्द केली, थोडे पैसे कापले गेले, चालतंय. १५ ला आराम, १६ अक्कलकोट, वार बघून घेतला. पंढरपूर काढून टाकलं. आईंना विचारलं तर म्हणाल्या, पांडुरंगाला कळेल.
होम मात्र १४ ला रात्री बघायचा म्हणतात. पहिल्या काठीला नागफणी बांधलेली बघायची आहे. वासराच्या भाकणुकीपर्यंत (वासरावरून वर्षाचं भाकीत सांगतात ती) थांबायचं का, त्यावर घरात अजून वाद चालू आहे.
श्रीशैलदादा, खुर्ची पाठ टेकायची असेल का? नुसतं स्टूल नको. आणि त्या ओळखीच्या दुकानदारकाकांसाठी इथून काय आणू ते कळवा.
सुहास, चादरी दोन, नोंद केली. चटणी फेब्रुवारीत मिळेल.