मादलेन व्हियोने एवढी मोठी होती, तर तिचं नाव शनेलसारखं घरोघरी का नाही?

सुईदोरा

पॅटर्न-मेकिंग, म्हणजे कपड्याच्या तुकड्यांचे नमुने आखणं, शिकतेय. फॅशनच्या इतिहासाच्या तासाला मादलेन व्हियोने (१८७६–१९७५) दोन ओळींत उरकली: "फ्रेंच डिझायनर, बायस कट शोधून काढला, १९३० चं दशक गाजवलं." आणि लगेच गाडी शनेलवर, तिथून दिओरवर. पण आमच्या ड्रेपिंगच्या (पुतळ्यावर थेट कापड टाचून पोशाख घडवण्याच्या) मॅडम तिचं नाव घेताना कानाला हात लावतात. शिवणारी माणसं तिला गुरू मानतात आणि बाकी जगाला ती माहीतच नाही, हे कोडं सुटेना.

मी तिच्या पोशाखांचे फोटो शोधले. एक हँगरवरचा होता. खरं सांगते, ओलं फडकं वाळत घातल्यासारखा दिसत होता. ना चुण्या, ना टक्स, ना बटण. त्यात ग्रेट काय आहे? आणि उरेब, म्हणजे बायसवर, धाग्यांना तिरपं कापलेलं कापड तर तिच्या आधीही लोक वापरतच असणार की. मग "शोधून काढला" म्हणजे काय?

फावला_वेळ

मला वाटतं थोडी हवाच जास्त केली आहे. कॉर्सेट (कंबर आवळणारी आतली चोळी) घालवला पॉल प्वारे या फ्रेंच डिझायनरने. अंगासरशी पांढरे सॅटिनचे गाऊन लोकप्रिय केले हॉलिवूडने, नटी जीन हार्लोचे फोटो बघा, ते काम तिथल्या वेशभूषाकार एड्रियनचं. व्हियोने मधल्या मधे चांगलं शिवणारी एक बाई. शनेलने बायकांचं जगणं बदललं, हिने कापड तिरपं धरलं.

कात्रीवाली

फावला_वेळ, शेवटचं वाक्य झकास जमलंय, पण चूक आहे. माझं पोट कात्रीवर आहे, त्यामुळे या बाईबद्दल थोडं लांबण लागणार, आधीच सांगते.

सुईदोरा, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. उरेब तिने शोधलं नाही. गळपट्टी, पायपीन, झालरी, घेराच्या कळ्या यांत तिरपं कापड आधीपासून वापरात होतंच. म्हणजे जिथे गोलाई बसवायची तिथे, कडेकडेला. व्हियोनेने अख्खा पोशाखच उरेबवर उभा केला. खांद्यापासून घोट्यापर्यंत.

यात अवघड काय, ते हाताने करून बघ. विणलेल्या कापडाचा एक चौकोन घे. उभ्या धाग्यावर ओढ, हलत नाही. आडव्यावर ओढ, किंचित देतं. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढ. चौकोनाचा पतंग होतो: लांबी वाढते आणि रुंदी तेवढीच आत येते. पोशाख अंगावर लटकला की त्याचं स्वतःचं वजन हेच करतं. कंबरेशी कापड आपोआप आत येतं, नितंबांवर पसरतं, खाली मोकळं सुटतं. एक टक न घालता. आणि ते ताणलं जातं म्हणून डोक्यावरून घालता येतं, हुक-बटणाची गरज उरत नाही. तुला त्या फोटोत बटण दिसलं नाही, त्याचं कारण हे.

आता हे जितकं सांगायला सोपं तितकंच ताब्यात ठेवायला कठीण. उजवी बाजू एका तिरप्यावर कापली आणि डावी दुसऱ्या, तर पोशाख अंगाभोवती पिळवटतो. शिवण घट्ट मारली तर कापड लोंबतं आणि शिवण लोंबत नाही, मग फुगे येतात. तिच्या कपड्यांत शिवण बगलेखालून सरळ खाली येईलच असं नाही, कधी फिरत फिरत पुढे येते, कारण बाजूची शिवण कुठे असावी हे ती ठरवत नसे, कापडाला जिथे वळायचं असेल तिथे ती ठेवत असे.

ती चित्र काढून डिझाइन करत नसे. तिच्याकडे लाकडी बाहुली होती, सांधे हलणारी, साधारण ८० सेंटीमीटर उंच. पियानोच्या फिरत्या स्टुलावर ती उभी करायची आणि तिच्याभोवती कापड टाचत राहायचं. याचा फायदा तुला कळेल. पूर्ण मापाच्या पुतळ्यावर काम करताना पुढची बाजू बघू तर मागची दिसत नाही. छोट्या बाहुलीवर सगळा पोशाख एका नजरेत येतो, स्टूल फिरवलं की काम झालं. तिथे जमलं की मग मापात मोठं करायचं. कापडही ती साधं घेत नसे. बियांकिनी-फेरिए या कारखान्याकडून तिच्यासाठी खास जास्त पन्ह्याचं क्रेप विणून यायचं, दोन मीटर पन्ह्याचं. नेहमीच्या पन्ह्यात तिरपा पोशाख बसवायचा तर मधे जोड द्यावा लागतो, आणि जोड दिला की पडण, म्हणजे कापडाचं अंगावरून सलग उतरणं, तुटली.

सुईदोरा

ताई, पतंगाचं करून बघितलं. एवढे दिवस "४५ अंश" पाठ होतं, हातात आज आलं. पण हे सगळं तिला सुचलं कुठून? शिकली कुठे?

कात्रीवाली

शिकली कामावर. लुआरे भागातल्या शियर-ओ-ब्वा या गावात जन्म, वाढली पॅरिसला लागून असलेल्या ओबेरव्हिलिएमध्ये. शाळेत हुशार होती, तरी बाराव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली आणि शिवणकामाला लागली. कोवळ्या वयात लग्न, मुलगी झाली ती तान्हेपणीच गेली, संसार मोडला. उठून लंडन गाठलं. तिथे आधी हॉस्पिटलात कपडे शिवायचं काम, मग डोव्हर स्ट्रीटवरच्या केट रायली यांच्या दुकानात. ते दुकान पॅरिसचे नमुने इंग्रज गिऱ्हाइकांना करून द्यायचं. पुढे नकलांविरुद्ध जन्मभर भांडलेली बाई तरुणपणी नमुने उतरवण्याच्याच धंद्यात तयार झाली, याची मला कायम गंमत वाटते.

१९०० च्या सुमारास पॅरिसला परत आली ती कालो भगिनींच्या पेढीत. खरी शाळा ही. थोरली बहीण, मादाम जेर्बेर, जिवंत मॉडेलच्या अंगावर थेट कापड सोडून पोशाख घडवायची. तो उतरवून घ्यायचा, मलमलीत कच्चा शिवायचा आणि कारागिरांना पुन्हा पुन्हा करता येईल असा करायचा, हे काम व्हियोनेचं. ती स्वतः म्हणायची, कालो भगिनी भेटल्या नसत्या तर मी फोर्डच बनवत बसले असते, रोल्स-रॉइस त्यांच्यामुळे बनवता आली.

मग १९०७ मध्ये पॅरिसच्याच झाक दुसे या डिझायनरकडे गेली. आता फावला_वेळ यांच्या प्वारेकडे येते. दुसेकडे तिने मॉडेल्सना कॉर्सेट काढायला लावला आणि अनवाणी चालवलं. नर्तकी इसाडोरा डंकन अनवाणी नाचत होती ते दिवस. दुकानातल्या विक्रेत्या बायका नाराज झाल्या, असले कपडे गिऱ्हाइकांना दाखवेनात. प्वारेने नेमकं याच काळात कॉर्सेट सोडला, आणि तो बोलण्यात पटाईत, त्यामुळे श्रेय त्याच्या खाती. पहिलं कोण यावर दोघांचेही दावे आहेत, मी त्यात पडत नाही. पण प्वारेने कॉर्सेट काढला आणि घोट्याशी आवळलेला हॉबल स्कर्ट दिला. बाई श्वास घ्यायला लागली तेवढ्यात तिचं चालणं बंद!

स्वतःची पेढी १९१२ मध्ये, २२२ र्यू द रिव्होली इथे. दोन वर्षांत महायुद्ध, दारं बंद. १९१८ मध्ये पुन्हा उघडली आणि तिथून पुढची वीस वर्षं तिची.

फावला_वेळ

हॉबल स्कर्टचं मान्य. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. एवढं केलं तर नाव का नाही?

कात्रीवाली

कारण तिची कला हँगरवर दिसत नाही. शनेलचं जाकीट हँगरवरही शनेलचंच दिसतं: काठ, खिसे, बटणं, साखळी. व्हियोनेचा पोशाख अंगात गेला तरच पोशाख. सुईदोराला फडकं दिसलं यात तिचा दोष नाही.

दुसरं म्हणजे व्यवहार. शनेलचं नंबर ५ हे अत्तर आलं १९२१ मध्ये आणि बाटलीवरचं नाव जगभर फिरत राहिलं. दुसरं महायुद्ध पेटल्यावर दोघींनी कपड्यांचं काम मिटलं. शनेल १९५४ मध्ये वयाच्या ७० व्या वर्षी परत आली आणि पुन्हा गाजली. व्हियोने परत आलीच नाही. १९३९ नंतर ३५ वर्षं जगली, ९८ व्या वर्षी गेली, आणि या काळात एक कलेक्शन नाही. नंतर तिच्या नावाने पेढी चालवायचे प्रयत्न झाले, ते काही रुजले नाहीत. तिला "फॅशन" या प्रकाराचीच चीड होती असंही दिसतं. दर सहा महिन्यांनी बदलणारी गोष्ट तिला क्षुल्लक वाटायची. अशा बाईची जाहिरात कोण करणार?

जुनी_पानं

नकलांचा विषय निघालाच आहे तर थोडी भर. तिच्या लेबलवर सहीबरोबर तिच्या अंगठ्याचा ठसा असायचा. ठसा नसेल तो कपडा तिचा नाही, असा खाक्या. शिवाय प्रत्येक पोशाख मॉडेलच्या अंगावर चढवून पुढून, मागून, बाजूने फोटो काढायचे, नंबर टाकायचा आणि नोंदवून ठेवायचा. उद्या कोणी नक्कल केली तर कोर्टात पुरावा तयार. १९५२ मध्ये तिने अशा ७५ फोटोवह्या, शंभरावर पोशाख आणि कच्चे नमुने दान केले. आज ते पॅरिसच्या म्युझे देझ आर देकोराटिफ या संग्रहालयात आहेत. २००९ मध्ये तिथे तिच्यावर मोठं प्रदर्शनही झालं. आपल्या कामाचं एवढं दप्तर त्या काळात क्वचितच कोणी राखलं असेल.

कात्रीवाली

आणि चोरांसाठी काढलेले तेच फोटो आज आमच्यासारख्यांना शिकायला उपयोगी पडतात. पण नुसत्या फोटोवरून पॅटर्न निघत नाही हां. शिवण कुठून कुठे गेली ते कळतं, तुकड्याचा आकार कळत नाही. बेटी कर्क या जुने कपडे जतन करणाऱ्या अमेरिकन बाईंनी मूळ पोशाख हाताळून, मापून त्यांचे पॅटर्न काढले, तेव्हा कुठे बाहेरच्यांना आतली मेख समजली. मी ते आकार पहिल्यांदा बघितले तेव्हा मुंढा (बाही जोडायची जागा) कुठला आणि गळा कुठला हेच कळेना. चौकोन, चतकोर वर्तुळं, एखादी लांब पट्टी. १९२० च्या आसपासचा एक पोशाख आहे, क्रेपचे चार चौकोन. दोन पुढे, दोन मागे, कोपऱ्यावर धरून खांद्याला लटकवलेले, खाली टोकं लोंबतात. बस्स. कागदावर भूमितीचं गणित, अंगावर पाणी.

प्रभाव म्हणशील तर दोन वाटांनी गेला. एक दिसणारी: हॉलिवूडचे ते सॅटिन गाऊन, पुढे डिझायनर जॉन गॅलियानो. १९९६ मध्ये राजकुमारी डायनाने न्यूयॉर्कच्या मेट गाला या समारंभाला घातलेला गर्द निळा स्लिप ड्रेस त्याने दिओरसाठी केला होता, त्याचं खापर-पणजोबापण व्हियोनेकडे जातं. दुसरी वाट पॅटर्न टेबलावरची: डिझायनर अझेदिन अलाया तिचे कपडे जमवायचा, जपानी डिझायनर इस्से मियाके तिला मानायचा. मियाकेचे कपडे तिच्यासारखे दिसत नाहीत, पण "कापडाच्या तुकड्याला आधी विचार, मग कात्री लाव" हे तिच्याकडचंच.

फावला_वेळ, तुमचं "जगणं बदललं" राहिलंच. १९२३ मध्ये तिची पेढी पॅरिसच्याच ५० अव्हेन्यू माँतेन्यला गेली. ऐन भरात तिथे १,२०० माणसं होती, बहुतेक बायका. इमारतीत डॉक्टर, दंतवैद्य, जेवणघर, बाळांसाठी पाळणाघर. बाळंतपणाची रजा, पगारी सुट्टी. फ्रान्सच्या कायद्याने सगळ्यांना पगारी सुट्टी मिळाली १९३६ मध्ये, हिने आधीच दिलेली. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्याकडच्या शिवणाऱ्या मुलींना पाठ टेकायची खुर्ची मिळायची. इतरत्र स्टूल. दिवसभर तुरपाई करून कंबर धरलेल्या कुणालाही विचारा या खुर्चीची किंमत. बाराव्या वर्षी सुई हातात घेतलेल्या बाईलाच हे सुचणार.

फावला_वेळ

खुर्चीपुढे आमचं काही चालत नाही. "कापड तिरपं धरलं" मागे घेतो.

सुईदोरा

मी चार चौकोनांचा तो पोशाख करून बघणार. सॅटिन आणू का? आणि उरेबचा घेर खाली वाकडातिकडा होतो म्हणतात, तो आधीच सरळ कापला तर?

कात्रीवाली

सॅटिन अजिबात नको, ते कात्रीखालूनच निसटतं. आधी सैल विणीची मलमल घे, अर्ध्या मापात कर, तिच्या बाहुलीसारखं. प्रत्येक चौकोनावर उभ्या धाग्याची खूण खडूने करून ठेव, नाहीतर टाचताना कुठली बाजू कुठे गेली ते कळणार नाही. उरेब शिवताना कापड हलकंसं ताणून धर, टीप बारीक झिगझॅग ठेव, म्हणजे पुढे लोंबलं तरी दोरा तुटत नाही. मशीनखाली सरकत असेल तर पातळ कागद ठेवून शीव आणि नंतर फाडून काढ.

घेर आधी कापायचा नाही. पोशाख पुतळ्यावर चढवून निदान एक रात्र लटकत ठेव, जड कापड असेल तर जास्त. कुठे चार बोटं उतरेल, कुठे दोन, कारण उभा आणि आडवा धागा सारखे लोंबत नाहीत. मग जमिनीपासून पट्टीने मोजून खुणा कर आणि काप. चार चौकोनांच्या पोशाखाला हेही लागणार नाही, टोकं तशीच राहू दे. कडा मात्र दुमडून जाड करू नकोस, हाताने बारीक गुंडाळून तुरप. झाला की पुढून, मागून, बाजूने फोटो टाक.