गोडं पाणी, ताजं पाणी की शुद्ध पाणी?

विद्यार्थिनी, इंदूर: मंडळाच्या गणेशोत्सव अंकासाठी ध्रुवाकडच्या समुद्रांवर लिहितेय. नद्यांचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी तिथे मिसळतं, त्याला काय म्हणावं? मी 'ताजं पाणी' लिहिलं, बाबांना ते खटकलं.

राजेंद्रनगरची काकू: खटकणारच. ताज्याच्या उलट शिळं. इथे विरोध खाऱ्याशी आहे, म्हणून गोडं पाणी. बोरिंगचं खारं, नर्मदेचं गोडं, असं आपण घरी म्हणतोच की. 'शुद्ध'ही नको, सैबेरियातल्या लीना नदीचं पाणी गढूळ असलं तरी गोडंच.

आणि इथे शब्द नेमकाच हवा, कारण सगळा खेळ मिठाचा आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. उत्तर अटलांटिकमध्ये हे खारं पाणी गारठून जड होतं, तळाकडे जातं आणि खोलवरून दक्षिणेला वाहतं. वरून उबदार पाणी उत्तरेकडे येत राहतं. ग्रीनलंडचा बर्फ या शतकात वर्षाला सरासरी अडीचशे अब्ज टनांहून जास्त घटतोय. ते गोडं पाणी वर पसरलं की वरचा थर हलका होतो, गारठला तरी सहज बुडत नाही.

रामबागकर: बेटा, मसुद्यात कुठे 'बर्फ विरघळतो' असेल तर आधी बदल. बर्फ वितळतो, मीठ विरघळतं. तूप थिजतं, पाणी गोठतं. समुद्र गोठताना बरंचसं मीठ बर्फाबाहेर पडतं, खालचं पाणी अधिक खारं नि जड होतं. वितळताना नेमकं उलट.

विद्यार्थिनी: काका, 'प्रवाह बंद पडणार' लिहू?

रामबागकर: नको. 'मंदावणार' लिही. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, २०२१च्या अहवालात या शतकात तो मंदावण्याची दाट शक्यता सांगितली आहे; २१०० पूर्वी एकदम कोलमडणार नाही, असं मध्यम खात्रीने म्हटलंय. संगणकीय प्रतिमानांत मात्र तो फार मंदावला की विषुववृत्तालगतचा पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो, आपला मान्सूनही अशक्त होतो. हे जरूर लिही, माळव्यातल्या सोयाबीनवाल्यांनाही कळू दे.

विद्यार्थिनी: शेवटचं एक. 'आर्क्टिकमध्ये जगातल्या समुद्राचं जेमतेम १ टक्का पाणी, पण जगभरच्या नद्यांचं सुमारे ११ टक्के पाणी तिथे विसर्जित होतं.' विसर्जित बरोबर?

काकू: विसर्जन गणपतीचं गं. नदी समुद्राला मिळते. 'तिथे जाऊन मिळतं' लिही.