रविवर्मांचं नाही हो, हळदणकरांचं!

(सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. फोटोत हाताच्या आडोशाने दिवा धरून उभी असलेली बाई.)

ए-१०१ काका: 🙏 शुभ सकाळ. राजा रविवर्मा यांचे जगप्रसिद्ध चित्र. दिव्याचा उजेड बोटांतून कसा पाझरतोय पाहा. आवडल्यास पुढे पाठवा.

ए-३०४ काकू: अप्रतिम 👌👌

डी-२०२: 👏

सी-३०२ सर: काका, चित्र सुंदरच, पण रविवर्मांचं नाही हो. हे ‘ग्लो ऑफ होप’, चित्रकार सावळाराम हळदणकरांचं, आपल्या सावंतवाडीचे. रविवर्मा १९०६ सालीच गेले, हे चित्र १९४० नंतरचं. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसच्या कलादालनात आहे. दिवा धरून उभी आहे ती त्यांचीच मुलगी, गीताबाई. २०१८ साली कोल्हापुरात वारल्या, वय १०२.

ए-३०४ काकू: अगं बाई! आमच्या माहेरी भिंतीवर होतं हे. घरात सगळे रविवर्माच म्हणायचे.

ए-१०१ काका: मला व्याह्यांकडून आलं, मी तसंच ढकललं पुढे 😅

सी-३०२ सर: व्याह्यांनाही कळवा. आणि बरं का, हे तैलरंगात नाही, जलरंगात आहे. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात उजेड हवा तिथे कागद राखावा लागतो. आता ती दिव्याआड धरलेली बोटं बघा. कडा लालसर, मध्ये नारिंगी, जणू रक्तातूनच उजेड येतोय. वर्गात पोरांना हे सांगता सांगता माझा घसा बसायचा.

बी-५०१: सर, मी मोठं करून पाहिलं तर नुसते चौकोन दिसतायत. कसली बोटं नि कसला उजेड.

बी-२०४ ताई: व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं, त्यात हा फोटो शंभर ग्रुप फिरून आलेला. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग आहे तसा जातो. आणि चित्र कोणाचं ते बघायला गूगल लेन्स (फोटोवरून शोधायची सोय) चालतं, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नको. हेच चुकीचे फॉरवर्ड ते परत दाखवतं. शेवटी संग्रहालयाच्या पानावर जाऊन खात्री करायची.

सेक्रेटरी: हा ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. गेटसमोर पांढरी स्विफ्ट कोणाची? टँकर अडलाय.

डी-२०२: काढतो.

बी-५०१: माझं स्पष्ट मत. मोबाइलवर चित्रं बघणं म्हणजे पंगतीचा फोटो बघून ढेकर देणं.

बी-२०४ ताई: काका, एकदा ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियम या संग्रहालयाच्या साइटवर डच चित्रकार रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ उघडा. १६४२ सालचं. ८,४३९ फोटो जोडून एकच चित्र केलंय, ७१७ गिगापिक्सेलचं, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांचं. २०२२ च्या जानेवारीपासून कोणालाही फुकट बघता येतं. कंबरेला कोंबडी लटकवलेली सोनेरी झग्यातली मुलगी शोधा आणि मोठं करत जा. रंगाला गेलेले तडेसुद्धा दिसतात.

बी-१०३ काका (सध्या ॲमस्टरडॅम, लेकीकडे): दुजोरा देतो. गेल्याच आठवड्यात पाहून आलो. जीर्णोद्धाराचं काम चालू असल्याने चित्र काचेच्या खोलीत आहे, पुढे ही गर्दी. ती कोंबडी मला प्रत्यक्षात दिसलीच नाही, घरी येऊन लेकीच्या लॅपटॉपवर दिसली. पण ते चित्र पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. समोर उभं राहिलं की माणसं अंगावर चालून येतात. लॅपटॉपवर ते होत नाही, हेही तितकंच खरं.

बी-५०१: बघा! मी काय म्हणतोय?

सी-३०२ सर: आकाराचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. स्क्रीनवर सगळी चित्रं एका मापाची होतात. जपानी चित्रकार होकुसाईची ती लाट सगळ्यांनी पाहिली असेल. भली थोरली वाटते ना? ए-३ कागदाहूनही थोडी लहान आहे, २५ बाय ३८ सेंटिमीटर. शिवाय ते लाकडी ठशावरचं छापील चित्र, त्यामुळे ‘मूळ प्रत’ एकच अशी नाहीच. म्हणून पोरांना सांगतो, चित्राखाली लिहिलेलं माप आधी वाचा, मग पट्टी घेऊन भिंतीवर तेवढी चौकट आखा.

ए-३०४ काकू: भिंतीवर नको हो, नुकताच रंग काढलाय 😄

सी-३०२ सर: बरं, जमिनीवर खडूने 😄 आणि ५०१, तुमचा तो रेम्ब्रांट जन्मात हिंदुस्थानात आला नाही. तरी मुघल चित्रं समोर ठेवून त्याने वीसेक रेखाटनं केली, शाहजहानसुद्धा काढला. डच जहाजांतून चित्रं इकडून तिकडे पोचत होती. दूरची चित्रं घरी बसून बघणं हा काही मोबाइलचा शोध नव्हे.

बी-५०१: त्याच्यासमोर अस्सल कागद होता, सर. माझ्यासमोर काच आहे.

सी-३०२ सर: हा मुद्दा बिनतोड. एक गुण तुम्हाला.

ए-१०१ काका: ताई, एवढी इंग्रजी साइट मला झेपेल का? आपल्याकडचं काही आहे का?

बी-२०४ ताई: आहे की. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गूगल आर्ट्स अँड कल्चर या साइटवर आहे. भारत सरकारचं म्यूझियम्स ऑफ इंडिया पोर्टल आहे, त्याचं ‘जतन’ सॉफ्टवेअर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने केलंय. परदेशातलं हवं तर न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) संग्रहालयाने २०१७ पासून जुन्या, हक्कमुक्त चित्रांचे फोटो खुले केलेत. छापा, फ्रेम करा, कोणी विचारत नाही. शोधताना इंग्रजीत ‘रागमाला’ टाइप करा, आपल्याकडची लघुचित्रं समोर येतील.

ए-३०४ काकू: रागमाला म्हणजे गाण्यातली?

सी-३०२ सर: तीच. एकेका रागाला चेहरा दिलेला. तोडी बघा, वीणा घेतलेली बाई आणि भोवती जमलेली हरणं. एका बैठकीत पाच-सहाच बघा. अंगठ्याने भराभरा वर सरकवलं तर शंभर बघूनही हाती काही लागत नाही.

सेक्रेटरी: सूचनांचा ग्रुप 🙏 पण रविवारी क्लबहाउसचा टीव्ही मोकळा आहे. ११ ते १२. त्यानंतर मेंटेनन्सची मीटिंग आहे, सर्वांनी थांबायचं.

बी-२०४ ताई: 😂 लॅपटॉप मी आणते. एचडीएमआय केबल कोणाकडे आहे? लांब हवी.

बी-५०१: माझ्याकडे आहे, पाच मीटरची. आणि ते नाइट वॉच आधी लावा, कोंबडी बघायचीय.