गाडीच्या काळ्या क्लॅडिंगचा (बाहेरच्या प्लास्टिक पट्ट्यांचा) रंग उडालाय, टिकेल असं काय लावावं?

अकोलेकर:
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची डस्टर. घरी शेड नाही, बारा महिने उन्हात उभी, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो. बंपरचा खालचा भाग, चाकांवरचं क्लॅडिंग, वायपरखालची जाळी, सगळं राखाडी पडलंय. वॉशिंगवाला दर वेळी काहीतरी चोपडून देतो. दोन दिवस चकाचक, मग धूळ चिकटून आणखी वाईट दिसतं. मित्र म्हणतो हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) मार, वडील म्हणतात खोबरेल लाव. निदान वर्षभर टिकेल असा उपाय हवाय.

जुनीगाडी_पुणे:
आधी एक करून बघा. क्लॅडिंगवर पाणी मारा. ओलं असताना काळं दिसलं आणि वाळल्यावर राखाडी झालं, तर काम होण्यासारखं आहे. हे प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतं. अतिनील किरणांनी त्याचा वरचा पातळ थर खराब होऊन खडबडीत होतो, त्यावर प्रकाश विखुरतो आणि ते पांढरट दिसतं. पाणी, खोबरेल, टायर पॉलिश ही सगळी त्या खडबडीत थरातली बारीक भोकं तात्पुरती भरतात. तेल वाळलं, धुतलं गेलं की संपलं. वर ते धूळ ओढतं ते वेगळंच.

खरी मेहनत स्वच्छतेत आहे, आणि लोक तिथेच घाई करतात. ऑल पर्पज क्लीनर आणि मध्यम ब्रशने घासा, फेस काळपट येणं थांबेपर्यंत. वॉशिंगवाल्याचं सिलिकॉन खोलवर बसलेलं असतं, ते निघालं नाही तर वर काहीही धरणार नाही. मग धुऊन पूर्ण वाळू द्या. खाचांतलं पाणी लवकर वाळत नाही, त्यामुळे मी रात्रभर थांबतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर किंवा पेट्रोल अजिबात नको.

चाकोरीबाहेर:
हीट गनला माझा ठाम विरोध. वरचा थर वितळून काळा दिसतो खरा, पण ऊन लागलं की पुन्हा उडतो. जास्त वेळ एका जागी धरली तर दाणेदार पोत जाऊन चकचकीत डाग पडतो, तो कायमचा. रंगाजवळ आणि काचेजवळ तर आणखी धोका.

अकोलेकर:
मग घासून झाल्यावर लावायचं काय?

जुनीगाडी_पुणे:
दोन पर्याय. एक, काळा रंग असलेलं ट्रिम रिस्टोरर (ट्रिम म्हणजे गाडीवरचे हे प्लास्टिकचे भाग). तुमच्याइतकं राखाडी झालेलं असेल तर हेच घ्या, कारण ते नुसती चमक देत नाही, गेलेला काळेपणाही भरतं. दुसरा, ट्रिमसाठीचं सिरॅमिक कोटिंग. ते जास्त टिकतं, पण रंग परत आणण्याऐवजी आहे तो गडद करून जपण्यासाठी चांगलं. दोन्ही सावलीत, थंड प्लास्टिकवर, अगदी थोडं घेऊन लावा. शेजारच्या पत्र्याला मास्किंग टेप लावा, रंगावर पडलेलं लगेच पुसा. आधी आतल्या कोपऱ्यात थोडं लावून बघा.

फीनिक्सवासी:
अॅरिझोनात राहतो, ऊन अकोल्यासारखंच. इथे सोल्यूशन फिनिश नावाचं रंगाचं रिस्टोरर बरेच जण वापरतात. मी त्यानंतर गाडीवर सनशेड आणि कव्हर दोन्ही टाकतो. एक सांगतो, बॉडीचं वॅक्स या दाणेदार प्लास्टिकवर जाऊ देऊ नका, पांढरे डाग राहतात. पडलेच तर जुना टूथब्रश आणि क्लीनर.

अकोलेकर:
मनापासून आभार. रविवारी आधी वायपरखालच्या जाळीवर करून बघतो. वॉशिंगवाल्याला "प्लास्टिकवर काही लावू नको" असं सांगून ठेवतो.