मदत हवी आहे: मिनी डीव्ही टेप आणि मोबाइलचं 4के चित्रीकरण एकत्र एडिट करायला कोणता संगणक घेऊ?

नमस्कार मंडळी,

आमच्या सिंधुदुर्गातल्या गावच्या जत्रेतले दशावतार बाबांनी 2004 ते 2009 मध्ये हँडीकॅमवर टिपून ठेवलेत. तासाभराच्या 22 मिनी डीव्ही टेप आहेत. त्यातले दोन राजपार्टी (राजाची भूमिका करणारे कलाकार) आता हयात नाहीत आणि त्यांचं काम दुसऱ्या कुणी टिपल्याचं ऐकिवात नाही. गेल्या दोन जत्रा मी मोबाइलवर 4के मध्ये घेतल्या. सगळं नीट कापून-जोडून गावातल्या पोरांना आणि मुंबईच्या चाकरमान्यांना द्यायचंय.

सध्याचा लॅपटॉप आठव्या पिढीचा आय 5, 8 जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती टाकली. 4के क्लिप टाइमलाइनवर घेतली की अडकत चालते. प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या प्रती) करून कापाकापी जमली, पण रंगांना हात लावला की ग्राफिक्सची मेमरी भरल्याचा संदेश येतो.

बजेट 80 हजार, मॉनिटर घरात आहे. दुकानदार गेमिंग लॅपटॉप घ्या म्हणतोय. माझं घोडं अडलंय ते फायरवायरपाशी, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडायच्या जुन्या डिजिटल पोर्टपाशी. हँडीकॅमवर त्यालाच आय-लिंक म्हणतात. टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरवायचा तर हँडीकॅमच्या आय-लिंक सॉकेटमधूनच काढावा लागतो. हल्लीच्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी घेतलं तर सिग्नल अॅनालॉग होऊन पुन्हा डिजिटल होतो, आणि ते नुकसान मला नकोय. म्हणून पीसीआय एक्सप्रेस स्लॉट (जादा कार्ड बसवायची खाच) असलेला डेस्कटॉप जुळवावा असं वाटतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं फायरवायर कार्ड विंडोज 11 वर कुणी चालवलंय का? विनडीव्ही या टेप उतरवायच्या सॉफ्टवेअरने कॅप्चर करताना फ्रेम गळतात का? कॅमेरा टेप आत घेताना कुरकुरतो, त्यामुळे हे काम आधी उरकायला हवं.

जागेचा हिशोब केलाय. डीव्हीला तासाला साधारण 13 जीबी लागतात, म्हणजे टेपचे 286 जीबी. कामाला 1 टीबी एसएसडी आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती, एक घरी, एक मुंबईला काकांकडे. रॅम 32 जीबी घेणारच. मग उरलेल्या पैशांत 8 जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड बसेल का, की प्रोसेसर थोडा हलका घेऊ?

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर केडेनलाइव्ह हे दुसरं एडिटरही पाहिलं, हलकं आहे. पण जत्रेतल्या ट्यूबलाइट आणि हॅलोजनच्या उजेडात चेहऱ्याचा रंग नीट आणायला रिझॉल्व्हच बरं वाटलं. खरी डोकेदुखी इंटरलेसिंगची आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत टिपली जाते त्याची. टेप पाल या टीव्ही पद्धतीच्या (सेकंदाला 25 फ्रेम), 720 बाय 576. संकासूर गिरकी घेतो तेव्हा कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. डीइंटरलेस करून (ते भाग पूर्ण फ्रेममध्ये बदलून) सेकंदाला 50 फ्रेम ठेवू की 25?

मोबाइलचीही एक गंमत कळली, नवख्यांच्या उपयोगी पडेल. त्याचा फ्रेम रेट एकसारखा नसतो. पेटीजवळ ठेवलेल्या रेकॉर्डरचा आवाज जोडला तर तासाभराने मृदंगाची थाप आणि हात जुळेनात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट लावून फाइल पुन्हा काढली, तेव्हा जुळलं. पुढच्या जत्रेत मोबाइल 30 ऐवजी 25 वर ठेवला तर जुन्या टेपशी मेळ बसेल आणि ट्यूबलाइटची फडफडही कमी होईल, बरोबर ना?

कार्तिकी झाली की जत्रा सुरू होतील. त्याआधी निदान सगळ्या टेप उतरवून व्हाव्यात. फायरवायरबद्दल ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया आधी लिहा.