दाटीवाटीच्या मिक्सर बोर्डावर नवी ऑप-ॲम्प चिप कशी बसवावी?

फोंडेकर (प्रश्न)

आमच्या भजनी मंडळाचा जुना मिक्सर माझ्याकडे दुरुस्तीला आला आहे. दोन चॅनलांवर सतत खरखर येते आणि माझा संशय तेथील ४५५८ या आठ पायांच्या ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणाऱ्या) चिपांवर आहे. त्यांच्या जागी ओपीए१६१२ बसवण्याचा विचार आहे; परंतु ती केवळ सरफेस माउंट (बोर्डाच्या पृष्ठभागावर जोडायच्या छोट्या) स्वरूपात मिळत असल्याने, जुन्या छिद्रांत बसण्यासाठी मध्ये ॲडॅप्टर पट्टी घ्यावी लागेल. चिपच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर अगदी चिकटून उभे आहेत आणि फेडरचे (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या नियंत्रकाचे) बोर्ड वरून इतके जवळ येते की सॉकेट व त्यावर पट्टी मावेल असे दिसत नाही. बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक न उखडता हे काम कसे करावे? चतुर्थीपूर्वी मिक्सर मंडळाला परत द्यायचा आहे.

म्हापशाचा रेडिओवाला

जुनी चिप वाचवण्याचा मोह आधी सोडा. ती अखंड काढण्याच्या खटपटीतच ट्रॅक उखडतात. बारीक कटरने आठही पाय चिपच्या अंगालगत कापा, म्हणजे बोर्डात उरलेला प्रत्येक तुकडा चिमट्यात धरता येईल. मग फ्लक्स (कथील नीट वितळून पसरावे म्हणून लावायचा पदार्थ) लावून एकेक पाय तापवावा आणि कथील पूर्ण वितळल्यावरच, जोर न लावता, वर उचलावा. ३३० ते ३५० अंश तापमान पुरते. कटर आत जात नसेल तर शेजारचा कपॅसिटर आधी काढा आणि परत बसवताना त्याची ऋण बाजू तपासा. जुना असेल तर त्याच वेळी नवा घालणे उत्तम.

उंची कमी असेल तर सॉकेट नकोच. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत साध्या पत्र्याच्या सॉकेटचे संपर्क काळवंडतात आणि तीच खरखर पुन्हा सुरू होते. चिप थेट जोडा. त्यानंतर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बोर्ड नीट सुकवा. पावसाळ्यात तो थर ओल धरतो.

मडगावहून

वरील पद्धत योग्य आहे, पण मुळात ओपीए१६१२ची गरज आहे का, याचा विचार करावा असे मला मनापासून वाटते. ४५५८ ही सुमारे ३ मेगाहर्ट्झ बँडविड्थची (म्हणजे तेवढ्याच वारंवारतेपर्यंत काम करणारी) संथ चिप आहे आणि बोर्डाची आखणी तिच्या बेताने झालेली असते. तिच्या जागी ४० मेगाहर्ट्झची चिप लांब ट्रॅकवर आणि पट्टीवर बसवली, तर ती ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर आंदोलन करू (म्हणजे आपोआप सिग्नल निर्माण करू) लागण्याचा धोका असतो. सिग्नल नसतानाही चिप चटका बसेल इतकी तापली, तर ही शंका जरूर घ्यावी.

त्याऐवजी एनई५५३२ ही ऑप-ॲम्प चिप साध्या आठ पायांच्या स्वरूपात मिळते, त्यामुळे पट्टीचा प्रश्नच मिटतो. तरीही ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बोर्डाच्या खालच्या बाजूने पिन ४ आणि पिन ८ (चिपचे वीजपुरवठ्याचे पाय) यांच्यामध्ये तिरका जोडावा. त्याच्या तारांवर स्लीव्ह (प्लास्टिकची नळी) चढवा, कारण त्या इतर पायांवरून जातात.

दोन गोष्टी मात्र पाहाव्या लागतील. एनई५५३२ला सुमारे ८ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे ४५५८च्या दुपटीहून अधिक. दोनच चिपा बदलल्या तर फरक पडत नाही, पण सगळ्या बदलायच्या असतील तर वीजपुरवठ्याचा रेग्युलेटर किती तापतो ते तपासावे. दुसरे म्हणजे तिचा इनपुट करंट साधारण २०० नॅनोअँपिअर असतो, त्यामुळे १०० किलोओहमच्या रोधावर २० मिलिव्होल्ट उभे राहतात. हा डीसी (न बदलणारा) व्होल्टेज अडवणारा कपॅसिटर मध्ये नसेल तर नॉब फिरवताना खरखर येते. अशा जागी टीएल०७२ ही ऑप-ॲम्प चिप बरी, कारण तिचा इनपुट करंट फारच कमी असतो.

फोंडेकर

दोघांचेही आभार. खरखर फेडर हलवला नाही तरी येते, म्हणून फेडर निर्दोष धरावा का?

मडगावहून

इतक्यात नको. आधी त्या चॅनलचा फेडर पूर्ण खाली घ्या. खरखर थांबली तर दोष फेडरच्या अलीकडे, म्हणजे माइकच्या बाजूच्या टप्प्यात आहे; तशीच राहिली तर फेडरनंतरची चिप किंवा तिच्या शेजारचा कपॅसिटर पाहा. हे कळल्यावरच बोर्डाला सोल्डरिंग आयर्न लावा.