साठीच्या पुढच्या सगळ्यांना फ्लूची लस सरकारने फुकट द्यावी का?

मुंजाबाचा_बोळ:
माझं मत आधीच सांगतो. द्यावी. आणि मे महिन्यात द्यावी, दिवाळीनंतर नाही.

केंद्राच्या सार्वत्रिक लसीकरणात फ्लूची लस नाही. महाराष्ट्राने 2015 मध्ये गरोदर बायका आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांना ती सरकारी दवाखान्यातून मोफत द्यायला सुरुवात केली, तीही ज्याला हवी त्याला. सरसकट म्हाताऱ्यांचं कुणी मनावर घेतलेलं नाही. खासगीत एका टोच्याचे दीड-दोन हजार मोजावे लागतात आणि तेही दर वर्षी. पेन्शन नसलेल्या घरात दोन म्हाताऱ्यांसाठी एवढे पैसे कोण बाजूला काढणार? "सर्दीतापच तर आहे" म्हणून विषय संपतो.

पुणेकरांना तरी हे पटवावं लागू नये. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू 3 ऑगस्ट 2009 ला इथेच झाला. मग शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीच्या रांगा आणि जो तो तोंडाला रुमाल बांधलेला. महिना बघा, ऑगस्ट! आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाबरोबर, जुलै ते सप्टेंबरात येते. दुसरी जानेवारी ते मार्चच्या सुमारास डोकं काढते. श्रीनगरला ती हिवाळ्यात असते, चेन्नईला ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे एकाच देशात तीन वेळापत्रकं.

लशीत कोणते विषाणू घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी. आपण नकाशावर उत्तरेत, पण आपला ताप दक्षिणेच्या पंचांगाने येतो. खोक्यावर 'साउथ हेमिस्फिअर' छापलेली लस एप्रिल-मे मध्ये टोचली तर ती पावसात उपयोगी पडेल. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांत ती उतरू लागते. आमच्या सोसायटीत शिबिर लागतं कधी, तर नोव्हेंबरात. मोठी लाट येऊन गेल्यावर!

हिशेबनीस:
वेळापत्रकाबद्दल सहमत. बाकीच्याला आक्षेप.

2011 च्या जनगणनेत राज्यात साठीच्या पुढचे साधारण 1 कोटी 10 लाख होते, आता अर्थातच जास्त. सरकारला घाऊक भावात समजा 300 रुपयांना लस मिळाली, तरी 330 कोटी झाले. दर वर्षी. गोवराची लस लहानपणी घेतली की काम झालं, ही मात्र दर वर्षी नव्याने. मग विचारायला नको का, की पदरात काय पडतं?

जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात वृद्धांवरच्या चाचण्यांचा निष्कर्ष असा: लस न घेतलेल्यांपैकी मोसमात 6 टक्क्यांना फ्लू झाला, घेतलेल्यांपैकी 2.4 टक्क्यांना. म्हणजे तीस जणांना टोचा, तेव्हा एकाचा फ्लू टळतो. मृत्यू नव्हे, फ्लू. निरोगी तरुणांत हाच आकडा 71. मृत्यू किती टळतात हे ठामपणे सांगायला त्या चाचण्या पुरेशा मोठ्याच नव्हत्या.

"लस घेणाऱ्या म्हाताऱ्यांत मृत्यू निम्म्याने कमी" असे जे आकडे फिरतात, ते बहुतेक नुसत्या नोंदी चाळून काढलेले. 2006 मध्ये सिॲटलच्या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. पासष्टीच्या पुढच्या 72 हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी घेतल्या आणि फ्लूचा मोसम सुरू होण्यापूर्वीचे मृत्यू मोजले. लस घेतलेल्यांत मृत्यूचा धोका तेव्हाच 60 टक्क्यांनी कमी! गावात फ्लू नाही, मग लस कशापासून वाचवत होती? उत्तर सरळ आहे. जो म्हातारा चालत दवाखान्यात जाऊन लस घेतो तो मुळातच धडधाकट असतो. अंथरुणाला खिळलेला रांगेत येत नाही. हा दोष डोळ्याआड करून 330 कोटी काढायचे?

रस्सा_जास्त:
पैशाचं सोडा हो. लस घेतली की हातपाय लुळे पडतात त्याचं काय? पुण्यात 2025 ला जीबीएसचे, त्या लुळं पाडणाऱ्या गिलन-बारे सिंड्रोमचे, एवढे पेशंट निघाले, विसरलात?

ईसीजी_वाचक:
रस्साभाऊ, पुण्यातला तो जीबीएसचा उद्रेक पाण्याचा होता. सिंहगड रस्त्याच्या बाजूला दूषित पाणी आणि रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू. फ्लूच्या लशीचा त्यात काडीचा संबंध नाही.

पण तुमची भीती हवेतून आलेली नाही, हेही खरं. 1976 मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या धास्तीने चार कोटींवर लोकांना घाईघाईने टोचलं. साथ आलीच नाही, आणि लाखामागे साधारण एकाला जास्तीचा जीबीएस झाला. मोहीम गुंडाळावी लागली. 2009 च्या साथीत युरोपात वापरलेल्या पँडेमरिक्स लशीनंतर फिनलंड-स्वीडनमध्ये काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाढवळ्या झोपेचे झटके येण्याचा आजार जडला. दोन्ही प्रकरणं सरकारी आरोग्य यंत्रणांनीच तपासून मान्य केली. दर वर्षीच्या नेहमीच्या लशीत हा धोका लाखामागे एकापेक्षाही कमी धरतात. आणि जीबीएस खुद्द फ्लूनंतरही होतो, ते कुणी मोजत नाही.

हिशेबनीस, सिॲटलचा मुद्दा बरोबर आहे आणि तो इतक्या नीट मांडलेला क्वचित वाचायला मिळतो. पण मग नोंदी सोडा, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या घ्या. हार्ट अटॅकनंतर तीन दिवसांच्या आत निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी. 2571 रुग्ण. वर्षभरात सलाइनवाल्यांत 4.9 टक्के दगावले, लसवाल्यांत 2.9. (कोव्हिडमुळे चाचणी मध्येच थांबवली, हेही सांगतो. नाहीतर तुम्ही सांगालच.) दुसरी चाचणी हृदय कमकुवत झालेल्या 5129 रुग्णांची, आशिया-आफ्रिकेतल्या दहा देशांत, त्यात भारतही. निकाल 2022 चा. न्यूमोनिया 42 टक्क्यांनी कमी, इस्पितळात भरती 16 टक्क्यांनी कमी.

हिशेबनीस:
त्या दुसऱ्या चाचणीत जो मुख्य निकष आधी ठरवला होता, हृदयविकाराचा मृत्यू, झटका, पक्षाघात वगैरे, त्यात पूर्ण काळाचा विचार करता ठोस फरक दिसला नाही. तुम्ही दुय्यम निकष पुढे केलात.

ईसीजी_वाचक:
खरंय. फरक दिसला तो फ्लू जोरात असलेल्या महिन्यांपुरता. पण फ्लूची लस फ्लूच्या महिन्यांत उपयोगी पडते, यात वाईट काय? उन्हाळ्यात छत्रीने काही वाचवलं नाही म्हणून छत्री फेकून देतो का आपण?

हिशेबनीस:
तरी सरसकट साठीच्या पुढे कशाला? ज्यांच्यावर फायदा दिसलाय त्या हृदयरुग्णांना द्या. 330 कोटींचे 30-40 होतील.

सिस्टर_जुन्नर:
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, म्हणून लिहिते. "फक्त रुग्णांना द्या" हे कागदावर छान दिसतं. मधुमेहाचा कागद दाखवा म्हटलं की आजी म्हणते, "कागद पोराकडं हाय, त्यो चाकणला." परत येते का? नाही येत. निम्म्या लोकांना आपल्याला बीपी आहे हेच माहीत नसतं, तपासलेलंच नाही. वय मात्र आधारकार्डावर लिहिलेलं असतं आणि आधारकार्ड कनवटीला असतं. म्हणून वयाची अट बरी. पासष्ट धरा हवं तर, पण वयच धरा.

आणि दर वर्षी लस येते कधी याचा भरवसा नाही. आमच्याकडे एकदा आली ती गणपतीत. 2 ते 8 अंशात ठेवायची. लोडशेडिंगमध्ये आइसपॅक बदलत बसायचं, आणि एवढं करून मुदत संपली की टाकायची, कारण पुढच्या वर्षी विषाणू वेगळे. गरोदर बायांना देताना मात्र मला समाधान वाटतं. आईला टोचलं की बाळालाही पहिले काही महिने त्याचा आधार मिळतो, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही.

ओसाका_मुक्कामी:
सगळे म्हाताऱ्यांवर अडून बसलात. इथे जपानात ह्याची दुसरी बाजू घडून गेलीय, ती सांगतो.

म्हाताऱ्या शरीरात लस कमी जोर धरते. आणि फ्लू घरात आणतं कोण? शाळेतलं पोर. जपानने 1962 पासून शाळकरी मुलांना टोचायला सुरुवात केली, 1977 मध्ये कायद्याने सक्ती केली. मग 1979 मध्ये माएबाशी शहरात एका मुलाला लशीनंतर झटके आले. तिथल्या डॉक्टरांनी शाळेतली लस थांबवली आणि शेजारच्या शहरांशी ताडून पाहिलं. मुलांच्या गैरहजेरीत फारसा फरक नाही! 1987 मध्ये पालकांना नाही म्हणायची मुभा मिळाली, 1994 मध्ये कार्यक्रमच बंद.

आता गंमत बघा. 2001 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात मृत्यूंचे आकडे मांडले गेले. ज्या वर्षांत मुलांना टोचत होते, त्या वर्षांत हिवाळ्यातले जास्तीचे मृत्यू उतरले होते, आणि ते बहुतेक म्हाताऱ्यांचे. लस थांबली तसे ते परत चढले. अंदाज असा की वर्षाला 37 ते 49 हजार मृत्यू टळत होते, म्हणजे साधारण 420 मुलांमागे एक. माएबाशीच्या डॉक्टरांनी शाळेचा हजेरीपट पाहिला. आजी-आजोबांचे मृत्यूचे दाखले त्या हिशेबात नव्हते.

त्याच 2001 मध्ये जपानने कायदा बदलला आणि पासष्टीच्या पुढच्यांना लस देऊ लागले. मुलं मात्र त्यातून वगळलीच.

हिशेबनीस:
वाचायला बहारदार, पण हा पुरावा पुन्हा लोलकासारखा, जिकडून बघाल तसा दिसणारा. त्याच तीस वर्षांत जपान श्रीमंत झाला, घरं उबदार झाली, एका छपराखालची माणसं कमी झाली. मृत्यू कशाने उतरले हे कसं वेगळं काढणार?

ओसाका_मुक्कामी:
श्रीमंती 1994 नंतर उतरली म्हणून मृत्यू चढले का? शिवाय चिठ्ठ्या टाकून केलेलं हवं असेल तर कॅनडातले हटराइट. शेतीवर एकत्र राहणारी धार्मिक माणसं, 49 वस्त्या. निम्म्या वस्त्यांत मुलांना फ्लूची लस, निम्म्यांत हिपॅटायटिस-ए ची. जिथे मुलांना फ्लूची दिली तिथे लस न घेतलेल्या मोठ्यांचंही 61 टक्के संरक्षण. निकाल 2010 चा.

ईसीजी_वाचक:
आपल्याकडचंच उदाहरण राहिलं. हरयाणात बल्लभगडजवळच्या गावांत सहा महिने ते दहा वर्षांच्या मुलांवर अशीच चाचणी झाली, बाकीच्या मुलांना पोलिओचं इंजेक्शन. टोचलेल्या मुलांचं संरक्षण पहिल्या वर्षी 25 टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या वर्षी 41, तिसऱ्या वर्षी 74. तीच गावं, आकडे मात्र तिन्ही वर्षं वेगळे. पण घरातल्या बाकीच्यांना आडून फायदा होतो, हे तिथे सातत्याने दिसलं नाही. हटराइट वस्त्या आडबाजूला असतात. आपल्या गावातून रोज वडाप भरून माणसं जातात आणि येतात.

मुंजाबाचा_बोळ:
म्हणजे मुलांचा मार्ग इथे चालेलच असं नाही. मग म्हाताऱ्यांकडेच यावं लागतं. हिशेबनीस, तुमचं समाधान कशाने होईल ते तरी सांगा.

हिशेबनीस:
इथे मोजल्याने. चिठ्ठ्या टाकून निम्मे तालुके निवडा. त्यांना या मे महिन्यात पासष्टीच्या पुढे सगळ्यांना लस, उरलेल्यांना पुढच्या मे मध्ये. पावसाळाभर न्यूमोनियाच्या भरत्या आणि मृत्यू दोन्हीकडे मोजा. नाहीतरी पहिल्या वर्षी सगळ्यांना पुरेल एवढी लस मिळणार नाहीच.

मुंजाबाचा_बोळ:
आणि तुमची आई लस न मिळालेल्या तालुक्यात असली तर?

हिशेबनीस:
ती आजही लस न मिळालेल्याच तालुक्यात आहे. फक्त कुणी मोजत नाही.

रस्सा_जास्त:
हा टोला जबरी होता. मी तरी घेणार नाही, पण आईला विचारून बघतो.

सिस्टर_जुन्नर:
मोजा, पण कोण मोजणार ते आधी ठरवा. घशाचा नमुना घ्यायचा, बर्फात ठेवायचा, वेळेत पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, पोचवायचा. आमच्या रुग्णवाहिकेला ड्रायव्हर एक आहे आणि पावसाळ्यात तो सर्पदंशाचे आणि बाळंतपणाचे पेशंट नेत असतो. घरी वारलेल्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर "वृद्धापकाळ" एवढंच लिहिलेलं असतं, त्यात न्यूमोनिया शोधणार कसा? त्यामुळे लशीच्या पैशात दर केंद्राला नमुन्यांसाठी एक माणूस, एक मोटारसायकल आणि चालणारा फ्रीज धरा. आणि माल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवा, मे मध्ये नको. मे मध्ये आमच्याकडे अर्धं गाव लग्नात असतं.